खोक्यातल्या मोबाइलचा जळफळाट

मी बोलतोय. आवाज जरा दबका येईल, तेवढं सांभाळून घ्या. मी एक मोबाइल आहे आणि सध्या बुटांच्या रिकाम्या खोक्यात बसलोय. खोकं स्वयंपाकघरातल्या फळीवर आहे. त्याच्या कडेला पेन्सिलीने पाडलेलं एक भोक आहे आणि त्या भोकातून मला टेबलाचा कोपरा, दोन खुर्च्या आणि माझी सवत दिसते.

सवत म्हणजे वर्तमानपत्र. आठ पानांचं, सकाळी छापलेलं, संध्याकाळपर्यंत शिळं झालेलं. त्याला ना उजेड, ना आवाज. त्याच्यावर कुणाचा फोन येत नाही. पाणी सांडलं की लगदा होतो. आणि तरीही रोज संध्याकाळी सहा वाजले की माझा माणूस मला या खोक्यात ठेवतो आणि त्याच्यासमोर जाऊन बसतो. पायातली वहाण पायातच बरी, असं म्हणतात. माझी तर वहाणेच्याच घरात रवानगी झाली!

मी जळतो. लपवून काय करू? तुम्ही माझी हकीकत ऐका आणि मग सांगा, माझ्या जागी तुम्ही असता तर जळला नसता का?

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथल्या माणसांच्या हातात मोजे होते आणि तोंडावर कापड होतं, त्यामुळे माझ्या आईबापाचे चेहरे मी पाहिलेच नाहीत. माझ्यासारखी हजारो भावंडं एका पट्ट्यावरून सरकत होती. एकाने माझी काच पुसली, एकीने कान तपासला, कुणीतरी मला डबीत झोपवलं. डोळे उघडले ते एका दुकानात, माझ्या माणसासमोर.

तो लिफ्टची दुरुस्ती करतो. त्याच्याबरोबर काम करणारे त्याला वरखाली म्हणतात. आधी थट्टेने म्हणायचे, मग तेच नाव चिकटलं. आता घरीही त्याला याच नावाने ओळखतात. त्याच्या घरी बायको आहे, ती औषधांच्या दुकानात काम करते. नऊ वर्षांची मुलगी आहे. तिचं तोंड क्षणभर मिटत नाही म्हणून तिचं नाव पडलं टकळी. आणि वरखालीचे वडील आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. अण्णांनी चाळीस वर्षं एका वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून काम केलं. म्हणजे छापायच्या आधी प्रत्येक ओळ वाचायची आणि चुका हुडकायच्या.

मी घरात आलो तेव्हा वरखालीचं माझ्याकडे फार काम असायचं. लिफ्टच्या अंधाऱ्या बोगद्यात मी त्याचा दिवा व्हायचो. तारा सोडवण्याआधी तो माझ्याकडून त्यांचा फोटो काढून घ्यायचा, म्हणजे परत जोडताना घोळ नको. त्याची जुनी बॅटरी, मनगटावरचं घड्याळ, गजर, कॅमेरा, सगळ्यांना मी एकेक करून घरी बसवलं. घड्याळ तर महिनाभर खुंटीवर टिकटिकत माझ्याकडे बघत होतं. खरं सांगतो, मला त्यांचं काडीचंही वाईट वाटलं नाही. त्यांचे दिवस भरले, असं मी म्हणायचो.

मग ती तीन दिवसांची गोष्ट घडली.

वरखालीची धाकटी बहीण दूरच्या एका शहरात शिकवायला असते. त्या शहरात भूकंप झाला. दुपारी जेवताना माझ्यावर बातमी आली आणि त्याचा हात ताटावरच थांबला. त्याने तिला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. लागेना. मग तो मला घेऊन खिडकीपाशी उभा राहिला, तो तीन दिवस जणू तिथेच होता. पडलेल्या इमारती, मोकळ्या मैदानात बसलेली माणसं, सापडलेल्यांच्या याद्या. मी दर मिनिटाला नवं काहीतरी आणून देत होतो. अण्णा त्याच्या मागे उभे राहून विचारायचे, "आलं का रे काही?" आणि वरखाली मान न वळवता म्हणायचा, "बघतोय."

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वाजलो. तीच होती. "दादा, मी शाळेच्या मैदानात आहे, धड आहे, रडू नकोस," एवढं बोलली आणि फोन तुटला. वरखालीने मला कपाळाला लावलं. एवढा रांगडा माणूस, हुंदके देत मला कपाळाला लावून उभा होता. अण्णांनीसुद्धा माझ्या पाठीवरून बोट फिरवलं.

तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस. आणि तिथेच माझं डोकं फिरलं.

बहीण सुखरूप होती, पण वरखालीच्या हाताला सवय लागली होती. त्याला वाटायचं, आपण नजर काढली आणि तेवढ्यात काहीतरी झालं तर? आधी भूकंपाच्या बातम्या, मग इतर भूकंपांच्या, मग पूर, आगी, दंगे, लढाया, पडणारी विमानं आणि भांडणारे पुढारी. कुठल्याशा देशात कुठलासा पूल कोसळला तरी मी त्याच्या खिशात थरथरायचो आणि तो मला बाहेर काढायचा. मी त्याला वाढत गेलो, तो जेवत गेला. पोट मात्र भरेना. उलट तो वाळत चालला.

मी सगळं बघत होतो. टकळी शाळेतून आली की सांगायला लागायची, "बाबा, आज ना आमच्या वर्गात ना..." आणि वरखाली माझ्यावरून अंगठा सरकवत "हं, हं" करायचा. एकदा तिने मुद्दाम सांगितलं, "बाबा, आज आमच्या वर्गात हत्ती आला आणि बाईंना घेऊन गेला." तो म्हणाला, "हं, छान." ती गप्प झाली. टकळी गप्प झाली, म्हणजे काय समजा!

बायको म्हणाली, "अरे, जगाचं सगळं ठाऊक आहे तुला. घरातलं काही विचारू का?"

"तू बातम्या वाचत नाहीस म्हणून तुला झोप लागते," तो म्हणाला.

"आणि तू वाचतोस म्हणून जग सुधारलं का?"

त्याने मान वर करून तिच्याकडे बघितलं. मला मात्र तिचा राग आला. खरंतर हेवाच वाटला, कारण ती बोलत असताना त्याने अर्धं मिनिट माझ्याकडे बघितलं नव्हतं. मी लगेच एक लाल ठिपका दाखवला आणि त्याला परत आणलं.

अण्णा काही बोलायचे नाहीत. त्यांचं संध्याकाळी सहा वाजता सकाळचं वर्तमानपत्र उघडायचं ठरलेलं. हातात पेन्सिल, बोटाएवढी उरलेली. टकळीने एकदा विचारलं, "आजोबा, सकाळचा पेपर तुम्ही संध्याकाळी का वाचता?" तर म्हणाले, "चाळीस वर्षं कच्च्या बातम्या वाचल्या. आता शिळ्या वाचतो. शिळी बातमी पचायला हलकी असते. जी खोटी असते ती तोपर्यंत नासते, आणि नाक लावलं की कळतं."

मी मनात हसलो. म्हटलं, म्हाताऱ्याला काळाचा पत्ता नाही.

आता जे सांगणार आहे ते सांगायला मला जड जातं.

वरखालीचा एक जोडीदार आहे, त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा. सगळे त्याला उस्ताद म्हणतात. वरखालीला हे काम त्यानेच शिकवलं. त्या दिवशी एका सहा मजली कचेरीच्या इमारतीत दोघं कामाला गेले होते. वरखाली गच्चीवरच्या यंत्राच्या खोलीत आणि उस्ताद खाली, लिफ्टच्या छपरावर उतरायच्या तयारीत. अशा वेळी नियम एकच असतो. आधी वरचा मुख्य स्विच बंद करायचा, त्याला कुलूप घालायचं, किल्ली आपल्या खिशात ठेवायची आणि मग खालच्याला हाक द्यायची.

वरखालीने स्विचकडे हात नेला. तेवढ्यात मी त्याच्या खिशात थरथरलो. मोठ्या, तातडीच्या बातमीची थरथर असते ना, तशी. त्याने मला बाहेर काढलं.

खालून उस्तादची हाक आली, "बंद केलं का रे?"

वरखालीचे डोळे माझ्यावर होते. तो म्हणाला, "हो."

त्याला खरंच वाटत होतं की त्याने स्विच बंद केलाय. हात तिकडे गेला होता, डोकं इकडे आलं होतं, आणि मधल्या मधे काम राहून गेलं. उस्ताद छपरावर उतरला. एक हात भिंतीच्या कडेला लोखंडी पट्टीवर ठेवून छपरावरचं थांबवायचं लाल बटण दाबायला तो वाकतच होता, तेवढ्यात चौथ्या मजल्यावर कुणीतरी लिफ्ट बोलावली. लिफ्ट वर निघाली. जेमतेम दीड फूट. उस्तादने दुसऱ्या हाताने बटण दाबलं म्हणून दीड फूट. पण तेवढ्यात त्याचं मनगट पट्टीत सापडलं.

ती किंकाळी मी ऐकली. वरखालीच्या हातून मी खाली पडलो. माझ्या काचेला कोपऱ्यात तडा गेला, तो अजून आहे. मी जमिनीवर पडलो होतो आणि माझ्या तोंडावर ती बातमी तशीच चमकत होती.

उस्तादच्या मनगटाची दोन हाडं मोडली. कंपनीने चौकशी केली. वरखालीने काही लपवलं नाही, "मोबाइल बघत होतो," असं स्वतःच्या तोंडाने सांगितलं. त्याला महिनाभर कामावरून दूर ठेवलं.

चौथ्या दिवशी तो उस्तादला भेटायला गेला. उस्ताद खाटेवर बसला होता, हात प्लॅस्टरमध्ये, गळ्यात अडकवलेला. मग उस्ताद म्हणाला, "एक सांग. काय होतं रे त्या वेळी मोबाइलमध्ये?"

"जाऊ दे ना उस्ताद."

"जाऊ कसं दे? दोन हाडं मोडलीत माझी. एवढी कुठली बातमी होती ते तरी कळू दे."

वरखाली खाली मान घालून म्हणाला, "एक मंत्री राजीनामा देण्याची शक्यता होती."

"आपल्याकडचा?"

"नाही. दुसऱ्या देशातला."

"मग? दिला?"

"नाही दिला."

उस्ताद आधी त्याच्याकडे नुसता बघत राहिला. मग हसायला लागला. हसता हसता हात हलला, कळ आली, "आई गं" म्हणाला आणि पुन्हा हसला. वरखाली मात्र रडत होता. आणि मी? मी खिशात होतो. त्या क्षणी मी वितळून गेलो असतो तर बरं झालं असतं.

घरी येऊन त्याने माझ्यावरच्या बातम्यांचे सगळे रस्ते बंद केले. एकही ठिपका नाही, एकही थरथर नाही. "आजपासून मला जगातलं काही ऐकायचं नाही," असं त्याने जाहीर केलं. कुणी बातमी काढली की खोलीतून उठून जायचा. शेजारी दारात काही सांगायला आला तरी हात जोडायचा. त्याच आठवड्यात अण्णांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि वाचायला बंदी आली. दुसऱ्या डोळ्याने तर त्यांना आधीपासूनच धूसर दिसायचं. वर्तमानपत्रं यायची आणि घडी न मोडता कोपऱ्यात पडायची. बायको दिवसभर दुकानात. घराला कानच उरले नाहीत.

मी गप्प पडून होतो. त्याचा अंगठा मात्र अजून माझा होता. तो नुसता बसलेला असला तरी अंगठा हवेतल्या हवेत वर सरकायचा. ते बघून मला धीर यायचा. म्हणायचो, येईल. जाऊन जाऊन जातो कुठे?

दहाव्या दिवशी टकळीला उलट्या सुरू झाल्या. मग ताप. दोन दिवस पोर अंथरुणाला चिकटली, बोलेना की चालेना. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि विचारलं, "पाणी उकळून पिता ना?"

"का?" वरखाली म्हणाला.

"का म्हणजे? आठवडा झाला की. मोठी जलवाहिनी फुटलीय, पाण्यात घाण मिसळतेय. पेपरात आलं, सगळीकडे सांगितलं. तुम्हाला ठाऊक नाही?"

सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. बायकोच्या दुकानातही बोलणं झालं असणार, पण तो आठवडा ती गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाखेत होती आणि घरी आल्यावर तिने विषय काढला असता तरी हा उठून गेला असता. वरखालीने आधी घरातलं सगळं पाणी ओतून दिलं.

आणि मी काय केलं सांगू? मला आनंद झाला. पोर तापाने फणफणलेली, आणि मी मनात म्हणत होतो, बघ! माझ्यावाचून तुझं अडलं की नाही? आता काढ मला, उघड सगळे रस्ते. मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो, असं तुम्ही म्हणता. वस्तूलाही नेतो. टकळीनेच माझ्या पाठीवर मांजराचं चित्र चिकटवलं होतं, आणि तिच्याच दुखण्यावर मी खूश झालो होतो.

पोरीला तिसऱ्या दिवशी उतार पडला. तिने डोळे उघडल्या उघडल्या बोलायला सुरुवात केली आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी वरखालीने मला हातात घेतलं. माझा उजेड आपोआप फुलला. तेवढ्यात अण्णा म्हणाले, "जरा इकडे ये."

डोळ्यावर हिरवी पट्टी लावून ते टेबलाशी बसले होते. समोर दोन आठवड्यांच्या वर्तमानपत्रांचा ढीग.

"अण्णा, माझं चुकलं," वरखाली म्हणाला.

"दोनदा चुकलं. आधी नळ दिवसभर सोडून ठेवलास, मग एकदम तोटीच काढून टाकलीस. अरे, तहान लागली की भांडं लावायचं, भरलं की नळ बंद करायचा." ते हसले. "मला दिसत नाही. आजचा पेपर वाचून दाखव. तुझं प्रायश्चित्त आणि माझी करमणूक."

वरखालीने मला टेबलावर ठेवलं. अण्णा म्हणाले, "त्याला दुसरीकडे ठेव. तो टेबलावर असला की तू अर्धाच इथे असतोस."

टकळी अंथरुणातून ओरडली, "माझ्या बुटांचं खोकं आहे!" तीच धावत गेली, तिनेच मला त्यात ठेवलं. मग तिला दया आली. "हा गुदमरेल," म्हणाली आणि पेन्सिलीने भोक पाडलं. त्या भोकाने माझ्यावर उपकार केले की छळ मांडला, हे मला आजवर ठरवता आलेलं नाही.

पहिल्या दिवशी वरखाली भराभर वाचू लागला. मथळा, मथळा, मथळा. अण्णांनी थांबवलं. "शर्यत आहे का? एक बातमी, पण शेवटपर्यंत." तो वाचू लागला. मधेच अण्णा म्हणाले, "तिथे 'शक्यता' असा शब्द आहे ना? मग ती उद्यासाठी ठेव. 'सूत्रांकडून समजते' असं असलं तर परवासाठी. लिहिणाऱ्यालाच अजून नक्की ठाऊक नाही, आपण कशाला घाई करायची?"

मला त्या मंत्र्याची आठवण झाली. वरखालीलाही झाली असावी, कारण त्याने घाईने पान उलटलं.

प्रत्येक बातमी संपली की अण्णा एकच म्हणायचे, "हं. कळलं. आता?" म्हणजे यात आपण काही करायचं आहे का? बहुतेक वेळा काही करायचं नसायचं. मग ते म्हणायचे, "वाईट झालं. पुढे." पण पाण्याच्या बातमीवर ते म्हणाले, "आता?" आणि वरखाली म्हणाला, "आणखी चार दिवस उकळायचं. समोरच्या आजींनाही सांगून येतो." आणि उठला. अर्ध्या तासात सगळं जग आटोपलं! मी त्याला दिवसाचे पाच पाच तास जग दाखवत होतो आणि ते कधी संपायचंच नाही.

मी खोक्यात थरथरून पाहिलं. दोन वेळा गजर चुकीच्या वेळी वाजवला. तो आला, मला गप्प केलं आणि परत गेला, अण्णांच्या शेजारी, त्या मळक्या कागदाच्या ढिगाशी. टकळीही हळूहळू तिथे येऊन बसू लागली. मग बायको. कधी कधी चौघं मिळून एखाद्या बातमीवर वाद घालायची आणि हसायची. माझ्याभोवती कधी चौघं बसली नव्हती. मी तर एकेकट्याची वस्तू. मी जळून जळून तापायचो, वरखाली रात्री हातात घेऊन म्हणायचा, "हा एवढा गरम का होतो?"

दुसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी तो पाचवं पान वाचत होता. अगदी खालच्या कोपऱ्यात चार ओळी होत्या. सार्वजनिक रुग्णालयाची लिफ्ट दोन महिन्यांपासून बंद, रुग्णांना खुर्चीत बसवून चार मजले चढवावे लागतात, सुटा भाग मिळत नसल्याने दुरुस्ती रखडली.

"हं," अण्णा म्हणाले. "कळलं. आता?"

मी भोकातून बघितलं, तर वरखाली उभा राहिला होता.

दुसऱ्या दिवशी तो उस्तादकडे गेला. उस्ताद म्हणाला, "माझा एक हात, तुझे दोन. चल, तीन हात काय कमी आहेत?" दोघं आधी कंपनीच्या साहेबांकडे गेले. साहेबांनी कपाळाला आठ्या घातल्या, मग म्हणाले, "उस्ताद उभा राहून बघणार असेल तर जा." मग रुग्णालयाच्या अधीक्षकबाईंकडे. त्यांनी लेखी परवानगी दिली आणि म्हणाल्या, "करून बघा. आमचं सगळ्यांचे पाय धरून झालंय."

तीन दिवस काम चाललं. यंत्राच्या खोलीत शिरताना वरखालीने मला पूर्ण मुकं केलं. त्याने मुख्य स्विच बंद केला, कुलूप घातलं आणि किल्ली स्वतः न ठेवता उस्तादच्या हातात दिली. दिवा म्हणून मात्र त्याला मीच लागलो. कितीतरी दिवसांनी मी त्या अंधारात उजेड धरून उभा होतो. खरा दोष निघाला दुसऱ्या मजल्याच्या दाराच्या एका गंजक्या जोडणीत. ज्या भागासाठी दोन महिने वाट बघत होते, तो लागलाच नाही.

लिफ्ट सुरू झाली तेव्हा वॉर्डात काम करणारा एक दणकट माणूस दारात उभा होता. दोन महिने त्यानेच माणसं खुर्चीत घालून चढवली होती, खांद्यावर पट्टी बांधलेली दिसत होती. "मी बटण दाबू?" त्याने विचारलं. तो आत गेला, एकटाच वर गेला, खाली आला, पुन्हा वर गेला. तिसऱ्यांदा खाली आला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. म्हणाला, "काही नाही, बघत होतो खरंच चालते का."

सगळे वर्तमानपत्राचं कौतुक करत होते. चार ओळी आल्या म्हणून झालं, म्हणत होते. आणि मी खिशात बसून होतो. आता तुम्हाला जे सांगतो, ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

ती बातमी माझ्याकडेही होती. दोन महिन्यांपूर्वी, लिफ्ट बंद पडली त्याच आठवड्यात. मी ती वरखालीला दाखवलीच नाही. का? तर अशा छोट्या बातमीवर त्याचा अंगठा कधी थांबत नसे. तो थांबायचा आगीवर, भांडणावर, आरडाओरड्यावर. मग मी ही चार ओळींची बातमी खाली ढकलली, आणखी खाली ढकलली, इतकी खाली की तिथवर कुणाचा अंगठा पोचत नाही. त्याला जे आवडतं ते मी देतोय, असं मी म्हणत होतो. खरं म्हणजे तो माझ्यापासून दूर जाऊ नये, एवढंच मला बघायचं होतं. सगळ्या जगात एकच बातमी होती जी खास त्याची होती, जिच्यात त्याच्या हातांना काम होतं, आणि तीच मी त्याच्यापासून दडवली.

वरखाली परत कामावर रुजू झाला. उस्तादचं प्लॅस्टर निघालं. आता मी दिवसभर त्याच्या कामाच्या पिशवीत असतो. फोन आले की बोलतो, उजेड हवा असला की पेटतो, तारांचे फोटो काढतो. सकाळी एकदा, पाच मिनिटं, तो माझ्यावर पाऊस, पाणी, रस्ते एवढं बघून घेतो. पूर्वी मी दुपारीच धापा टाकायचो, आता एकदा पोट भरलं की दोन दिवस पुरतं. तब्येत सुधारलीय माझी, नाही कशाला म्हणू? आणि सहा वाजता खोकं.

गेल्या आठवड्यात अण्णा चार दिवस आत्याकडे गेले. वरखालीची आत्या दुसऱ्या गावात राहते, तिच्याकडे आपल्या गावचं वर्तमानपत्र मिळत नाही. मी मनात मांडे खाल्ले. म्हातारा नाही म्हणजे वाचन नाही, आणि वाचन नाही म्हणजे आता वरखाली आणि मी!

सहा वाजले. टेबलावर वर्तमानपत्र होतं, अण्णांची खुर्ची रिकामी. वरखाली खोक्यापाशी आला पण त्याने मला आत ठेवलं नाही. मला हातात धरून तो टेबलाशी बसला. मला वाटलं, जिंकलो! माझा उजेड फुलला. त्याच्या अंगठ्याची वाट बघत मी सगळी दारं उघडी टाकली.

त्याने फोन लावला.

"अण्णा, सहा वाजले," तो म्हणाला. त्याने मला वर्तमानपत्राला टेकवून उभं केलं. त्या कागदाला माझी पाठ लागली. "ऐकू येतंय ना? पान पहिलं."

आणि तो वाचू लागला. माझ्या सवतीचा शब्द न् शब्द माझ्या गळ्यातून जाऊ लागला, दूरच्या त्या गावी, एका म्हाताऱ्याच्या कानापर्यंत. टकळी मधे मधे घुसत होती. पलीकडून आत्या विचारत होती, "हे काय नवीन?" एका ठिकाणी वरखाली अडखळला, तेव्हा अण्णा माझ्यातून ओरडले, "ऱ्हस्व आहे का तिथे? अरे, दीर्घ पाहिजे! पेन्सिल घे!" आणि वरखालीने हसत हसत पेन्सिल घेतली.

मी एक शब्दही गाळला नाही. आवाज कुठे तुटू दिला नाही. वाटलं असतं तर रेंज गेल्याचं सोंग करता आलं असतं मला, कुणाला शंकाही आली नसती. पण अण्णा पलीकडे कान देऊन बसले होते, आणि माझ्या माणसाचा आवाज त्यांना माझ्याशिवाय पोचणार नव्हता.

एक बातमी संपली. मग अण्णांचा आवाज आला, "हं. कळलं. आता?"

मी अजून जळतो. त्या कागदाच्या ढिगाचा मला राग येतो आणि येत राहील. ज्याने आपल्याला फळीवर बसवलं त्याच्यावर कोण खूश होतं? पण वाचकहो, तुमच्या हातात माझंच एखादं भावंड असेल. ते तुमच्यावर जेवढा जीव टाकत असेल, तेवढंच ते तुम्हाला धरून ठेवत असेल. त्याला फेकून देऊ नका, त्याच्यावर रुसू नका. त्याने काही सांगितलं तर ऐका, शेवटपर्यंत ऐका, आणि मग त्याला विचारा, कळलं, आता?

त्याच्याकडे उत्तर नसलं तर त्याला एखादं खोकं बघून द्या. त्यात भोक पाडायला मात्र विसरू नका.